आल्पुखारातली डोंगरी गावं आणि पायवाटा: बेत आखण्यापासून परतीच्या बसपर्यंत

स्पेनमधल्या ग्रानादाला गेलेली बरीच मराठी मंडळी आल्हाम्ब्राचा राजवाडा पाहून झाल्यावर एक दिवस डोंगरातल्या पांढऱ्या गावांसाठी ठेवतात. सकाळी दहाला निघायचं, तीन गावं पाहायची, थोडं चालायचं आणि रात्री परत यायचं, असा तो बेत. तो जवळजवळ दर वेळी फसतो. वळणावळणांच्या रस्त्यात सकाळ संपते, पोचेपर्यंत दुकानांची दारं लागतात, जेवायला बसावं तर शाकाहारी काय मागायचं ते कळत नाही आणि पायवाट शोधेपर्यंत परतीची बस समोर येते. आल्पुखारा पाहायचा असेल तर तिथे राहायला हवं, किमान तीन रात्री. पुढचं सगळं तेवढा वेळ आहे असं धरून लिहिलं आहे.

हा प्रदेश सिएरा नेवाडा पर्वताच्या दक्षिण उतारावर आहे. त्यातल्या तीन भागांपुरतंच मी लिहितोय: पोकेइराची दरी (पाम्पानेइरा, बुबियोन, कापिलेइरा), तिच्या पूर्वेला ला ताआची छोटी गावं, आणि त्यापुढे त्रेवेलेस. पहिल्या भेटीला एवढं पुरेसं आहे. नावं शोधताना एक लक्षात ठेवा: इथे ‘ख’ लिहिलेला उच्चार नकाशावर ‘जे’ किंवा ‘जी’ या अक्षराने दिसेल.

टप्पा १: आधी महिना, मग तिकीट

विमानाचं स्वस्त तिकीट मिळालं म्हणून महिना ठरवू नका. इथे एकाच दिवशी तीन हवामानं असतात. ओर्खिवा हे खालचं बाजाराचं गाव सुमारे ४५० मीटरवर, कापिलेइरा १,४३६ मीटरवर आणि मुलासेनचं शिखर ३,४७९ मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे कापिलेइरातली तुमची खोलीच कळसूबाईच्या माथ्यापासून फार खाली नाही. ‘एवढे गड चढलोय, जमेल’ हा अंदाज इथे पायांच्या बाबतीत बरोबर ठरतो. थंडी, ऊन आणि विरळ हवेच्या बाबतीत चुकतो.

गावागावांतून चालायचं असेल तर एप्रिलचा मध्य ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरची अखेर. वसंतात पाण्याचे पाट भरून वाहतात, ऑक्टोबरात चेस्टनटची झाडं पिवळी पडतात. मुलासेन चढायचा असेल तर जुलै ते सप्टेंबर, कारण मे-जूनपर्यंत वर बर्फ टिकून असू शकतो. या दोन्ही गोष्टी एका सहलीत हव्या असतील तर सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये ला ताआच्या खालच्या वाटांवर दुपारी चालणं धोक्याचं आहे. नोव्हेंबर ते मार्च गावं सुंदर दिसतात, पण दिवस लहान असतो आणि दरीत ऊन लवकर जातं.

सावधान: ईस्टरचा आठवडा, १ नोव्हेंबरची आणि ६ ते ८ डिसेंबरची सुट्टी, तसंच २८ फेब्रुवारीचा आंदालुसिया दिन या काळात ग्रानादाची माणसंच इथे येतात. खोल्या आठवडे आधी भरतात.

टप्पा २: कागदपत्रं

भारतीय पारपत्र असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. शेवटच्या तारखेवर जाऊ नका. उन्हाळ्याच्या तोंडावर मुलाखतीच्या वेळाच मिळत नाहीत. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पारपत्र परतीनंतर किमान तीन महिने वैध हवं आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. अनेक देश फिरणार असाल तर जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

लोक अडखळतात ते विम्यापाशी. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि सगळे तो घेतातही. त्यातल्या अपवादांचं पान मात्र कुणी वाचत नाही. बऱ्याच स्वस्त विम्यांत ठरावीक उंचीपुढचं चालणं किंवा गिर्यारोहण वगळलेलं असतं. मुलासेनला जायचं असेल तर ३,५०० मीटरपर्यंतची पदभ्रमंती त्यात धरली आहे का, हे लेखी विचारून घ्या.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या आणि मूळ परवानाही सोबत ठेवा. दोन्ही लागतात.

टप्पा ३: मुक्काम एकाच गावात

रोज गाव बदलण्याचा मोह टाळा. पाठीवर पूर्ण सामान घेऊन या चढउतारांवर चालणं वेगळ्या तयारीचं काम आहे. एका गावात पथारी टाका आणि रोज रिकाम्या पाठीने फिरा.

माझी पहिली पसंती कापिलेइरा. दरीची वाट इथूनच सुरू होते, वरच्या डोंगराकडे जाणारी उन्हाळी मिनीबस इथूनच सुटते आणि खाणावळी पुरेशा आहेत. बुबियोन जास्त शांत आहे. पाम्पानेइरा देखणं, पण दिवसाच्या सहलींच्या बसेस तिथेच रिकाम्या होतात. संध्याकाळी सहानंतर ते पुन्हा गाव होतं. ज्यांना पायवाटा हव्यात आणि दुकानं नकोत, त्यांनी ला ताआतलं पित्रेस किंवा फेरेइरोला घ्यावं. त्रेवेलेसला राहणार असाल तर बुकिंग करताना खोली कुठल्या भागात आहे ते विचारा. गावाचे खालचा, मधला आणि वरचा असे तीन भाग आहेत, बस खालच्या भागात थांबते आणि वरच्या भागापर्यंतचा चढ बॅग ओढत चढण्यासारखा नाही.

नावांचा गोंधळ इथे खूप होतो. मेसिना फोन्दालेस ला ताआत आहे, तर मेसिना बोम्बारोन तिथून बरंच पूर्वेला, वेगळ्याच खोऱ्यात. कापिलेइरा आणि कापिलेरिया याही दोन वेगळ्या जागा आहेत. पैसे भरण्याआधी घराचा नकाशावरचा ठिपका पाहा.

तपासा:
- घरमालक गावातच राहतो की बाहेर? उशिरा पोचलात तर किल्ली कोण देणार?
- खोलीत गरम करायची सोय काय आहे? मे महिन्यातही रात्री गार असतात आणि जाड भिंतींच्या घरात आतला गारवा हटत नाही.
- गाडी असेल तर ती कुठे लावायची? गल्ल्यांत गाडी नेऊ नका, गावाबाहेरचे वाहनतळ वापरा.

मुक्कामी पारपत्र मागतील. पाहुण्यांची नोंद हा तिथला कायदा आहे, त्यामुळे घोळ न घालता द्या.

टप्पा ४: पोचायचं कसं

भारतातून माद्रिद किंवा मालागा सोयीचं. माद्रिदहून ग्रानादाला वेगवान रेल्वे आहे, मालागाहून बस. ग्रानादाचं बसस्थानक शहराच्या मध्यभागी नाही, खायेनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शहरात राहत असाल तर तिथे पोचायलाही अर्धा तास हाताशी ठेवा.

आल्पुखाराची बस आल्सा कंपनीची. ती लांखारोन, ओर्खिवा करत पाम्पानेइरा, बुबियोन, कापिलेइरा अशी जाते आणि पुढे पित्रेस, त्रेवेलेसकडे वळते. दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात आणि रविवार-सुट्टीचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. पाम्पानेइराला पोचायला दोन तास धरा, त्रेवेलेसला तीनहून जास्त. सगळ्याच फेऱ्या शेवटच्या गावापर्यंत जात नाहीत, त्यामुळे तुमच्या गावाचं नाव तिकिटावर वाचून घ्या.

ओर्खिवानंतर वळणं सुरू होतात आणि थांबत नाहीत. गाडी लागत असेल तर गोळी ग्रानादातच घ्या, ओर्खिवाला नाही.

स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल आणि किराणा लांखारोन किंवा ओर्खिवाला भरून घ्या. नकाशावर कापिलेइराहून डोंगर ओलांडून थेट ग्रानादाकडे जाणारा रस्ता दिसतो. त्या भरवशावर परतीचा बेत आखणारे लोक आहेत. माथ्यावरचा तो रस्ता खासगी वाहनांना बंद आहे. आलात त्याच वाटेने खाली उतरावं लागतं.

सावधान: शनिवारी दुपारनंतर किंवा रविवारी रिकाम्या हाताने पोचू नका. दुकानं साधारण दुपारी दोन ते पाच बंद असतात, रविवारी बहुतेक पूर्ण दिवस. पहिल्या संध्याकाळचं आणि दुसऱ्या सकाळचं खाणं पिशवीत असू द्या. रोख रक्कमही ग्रानादातूनच काढून आणा, सगळ्या गावांत एटीएम नाही.

टप्पा ५: पोटाचं वेळापत्रक

हा टप्पा मी चालण्याच्या आधी मुद्दाम घेतलाय. शाकाहारी मंडळींचे दिवस इथे वाटेपेक्षा ताटावरून जास्त बिघडतात.

स्वयंपाकघर दुपारी साधारण दीड ते चार आणि रात्री साडेआठच्या पुढे चालतं. मधल्या वेळात कॉफी, पाव आणि फार तर थंड पदार्थ मिळतील. म्हणजे वाटेवरून साडेचारला उतरलात तर चार तास उपाशी. दोन मार्ग आहेत: सकाळी आठला निघून दोनपर्यंत गावात परत यायचं, किंवा डबा घेऊन चालायचं आणि रात्री जेवायचं. वसंतात दिवस मोठे असतात तेव्हा दुसरा मार्ग चांगला, उन्हाळ्यात पहिला.

हा मुलूख डुकराच्या मांसाचा आहे. त्रेवेलेसचं वाळवलेलं खामोन स्पेनभर नावाजलेलं, आणि ‘प्लातो आल्पुखारेन्यो’ या इथल्या ताटात बटाट्यांसोबत खामोन, चोरिसो आणि रक्ताचं सॉसेज येतं. नुसतं ‘शाकाहारी आहे’ म्हणून भागत नाही. हॅमचे तुकडे म्हणजे मांस असं अनेक ठिकाणी धरतच नाहीत. म्हणून वाक्य पूर्ण म्हणा: ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, हॅम आणि मासे नकोत. अंडंही चालत नसेल तर ‘सिन उएवो’ जोडा.

निर्धास्त मागवता येतील असे पदार्थ: ‘पापास आ लो पोब्रे’ (ऑलिव्ह तेलात कांदा-मिरचीसोबत शिजवलेले बटाटे), गास्पाचो (टोमॅटोचं थंड सूप), पिस्तो (वांगं, टोमॅटो, मिरचीची भाजी, वर अंडं नको असेल तर आधी सांगा), काकवी घातलेली तळलेली वांगी, आणि अंडं चालणाऱ्यांना बटाट्याचं तोर्तिया (जाड ऑम्लेट). फसवणारे पदार्थ: मिश्र सॅलडवर ट्यूना मासा असतो, साल्मोरेखोवर (टोमॅटोचं दाट थंड सूप) हॅम भुरभुरतात, क्रोकेतांत (तळलेले मऊ गोळे) हॅम असतो, मिगास (परतलेला पावाचा चुरा) बहुधा मांसासोबत येतात आणि डाळींच्या आमटीत चरबीचा तुकडा शिजलेला असतो. ग्रानादा प्रांतात पेयासोबत एक छोटी ताटली फुकट देतात. ती मांसाचीच येण्याची शक्यता जास्त, म्हणून पेय मागवतानाच सांगा; ताटली समोर आल्यावर परत पाठवणं दोघांनाही अवघड जातं.

थेपले, चिवडा, चटणीपूड न्या. डब्याचा प्रश्न सुटतो.

टप्पा ६: पिशवी आणि नकाशा

इथला खडक पापुद्र्यांचा आहे, पायाखाली चपट्या चिपा सरकतात. उतारावर पकड देणारे बूट आणि निदान एक काठी हवी. डोक्यावर टोपी, वाऱ्याला अडवणारं जाकीट, प्रत्येकी दोन लिटर पाणी. उन्हाळ्यात अजून एक.

वाटांच्या खुणा आधी समजून घ्या, कारण तीन जाळी एकमेकांत मिसळलेली आहेत:
- पांढरा-लाल पट्टा: लांब पल्ल्याची वाट. इथे जीआर-७ आणि सिएरा नेवाडाला प्रदक्षिणा घालणारी, सुमारे ३०० किलोमीटरची जीआर-२४० ‘सुलाइर’.
- पांढरा-पिवळा: एका दिवसात होणाऱ्या वाटा.
- पांढरा-हिरवा: स्थानिक छोट्या वाटा.
- दोन रंगांची फुली: इकडे जायचं नाही. वळलेला पट्टा: इथे वळा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या गावातच. वाट शोधायची म्हणजे गल्लीबोळ आणि ‘तिनाओ’ म्हणतात त्या घरांखालच्या छपरबंद बोळांतून गावाच्या कडेला पोचायचं. खुणा तिथे विरळ होतात. गाव सोडल्यावर दहा मिनिटं झाली आणि एकही खूण दिसली नाही, तर थांबा आणि शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. ‘पुढे लागेल’ म्हणत शेताच्या बांधावरून रेटत जाऊ नका. हे बांध शतकांपासून रचलेले दगड आहेत, एक सुटला की खालची माती वाहते.

दरीत मोबाइलची रेंज जाते. नकाशा आदल्या रात्री वायफायवर उतरवून ठेवा आणि शक्य असेल तर १:४०,००० प्रमाणाचा कागदी नकाशा घ्या. पाम्पानेइराच्या चौकात सिएरा नेवाडा राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र आहे. तिथे पहिल्याच दिवशी जाऊन एकच प्रश्न विचारा: कुठली वाट सध्या बंद किंवा खचलेली आहे? पावसानंतर हे उत्तर बदलतं आणि कुठल्याही ॲपला ते वेळेवर कळत नाही.

टप्पा ७: पहिला दिवस, तीन गावं वरून खाली

क्रम कापिलेइरा, बुबियोन, पाम्पानेइरा असा ठेवा. पाम्पानेइरा सुमारे १,०५० मीटरवर आहे, म्हणजे उतार जवळजवळ चारशे मीटर. नुसतं चालणं दीड तासाचं, गावं पाहत गेलात तर अर्धा दिवस. उलट क्रमाने निघालेले लोक बुबियोनपर्यंतच दमतात आणि कापिलेइरा बसमधून पाहतात.

डांबरी रस्त्याने उतरू नका. जुनी वाट रस्त्याच्या खालून, शेतांमधून जाते. सकाळी नऊपर्यंत निघालात तर पाम्पानेइरात सहलींच्या बसेसच्या आधी पोचाल. परत चढून यायचं की बसने, ते वेळापत्रक पाहून आदल्या रात्रीच ठरवा.

पाहताना मान वर ठेवा: सपाट धाब्याची छपरं, टोप्या घातलेली गोल धुराडी, चेस्टनटच्या तुळया. धाब्यावर ‘लाउना’ नावाची करडी माती पसरलेली असते, तीच पाणी अडवते. उतारावरच्या गावात वरच्या गल्लीतून शेजारच्या घराच्या धाब्यावर सहज पाऊल टाकता येतं. फोटोसाठी तसं करू नका. मातीचा थर दबला की खालच्या घरात गळती लागते, आणि ते घर कुणाचं तरी राहतं घर आहे.

चिंध्यांपासून विणलेल्या ‘खारापा’ सतरंज्या घ्यायच्या असतील तर जिथे माग दिसतो तिथून घ्या. यंत्रावरच्या स्वस्त सतरंज्याही शेजारीच टांगलेल्या असतात.

टप्पा ८: दुसरा दिवस, पोकेइराची दरी

कापिलेइराच्या उत्तर टोकाहून दरीच्या आत ला सेबादियाकडे वाट जाते. जलविद्युत केंद्रापाशी असलेली ही कामगारांची जुनी वस्ती आता ओस पडलेली आहे. आल्या वाटेने परतलात तर दिवस सोपा जातो. पूल ओलांडून दरीच्या पलीकडच्या अंगाने आलात तर फेरी पूर्ण होते, पण शेवटी नदीवरच्या पुलापाशी उतरून कापिलेइरापर्यंत पुन्हा सगळा चढ चढावा लागतो. फेरीला चार-पाच तास ठेवा. शेवटचा चढ भर दुपारी येणार नाही अशा बेताने निघा.

या डोंगराला जगवतात ते पाण्याचे पाट, ‘आसेकिया’. वितळलेल्या बर्फाचं पाणी वरून वळवून उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांपर्यंत आणतात, काही ठिकाणी ते मुद्दाम जमिनीत मुरवतात म्हणजे खालचे झरे उन्हाळ्यातही वाहतात. पाटाच्या कडेनं चालायला सपाट असतं, म्हणून लोक नकाशावरची वाट सोडून पाट धरतात. तसं करण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक, पाट कड्याच्या अंगाने जातोय का? काही ठिकाणी एका पावलाएवढीच जागा असते आणि खाली खोल दरी. दोन, कड ओली आहे का? ओली कड पायाखाली ढासळते आणि पाणी फुटतं. दगड-फळी लावून पाणी वळवलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका, ती कुणाच्या तरी शेताची पाळी असते.

तपासा: ला सेबादियाला पोचेपर्यंत दुपारचे बारा वाजून गेले असतील तर फेरी सोडा, आल्या वाटेने मागे फिरा.

वरच्या पाटांवरून पोकेइरा निवाऱ्याकडे (२,५०० मीटर) जाणाऱ्या वाटाही इथून फुटतात. त्या पूर्ण दिवसाच्या, उंचीच्या आणि धुक्यात चुकवणाऱ्या आहेत. पहिल्या भेटीत मी त्या सुचवणार नाही.

टप्पा ९: तिसरा दिवस, ला ताआ

बसने पित्रेसला या. चालूनच यायचं असेल तर बुबियोनहून जीआर-७ कापिलेरियामार्गे पित्रेसला उतरते, त्याला सुमारे तीन तास द्या. मग त्या दिवशी खालची फेरी करू नका.

पित्रेसहून मेसिनिया, मेसिना, फोन्दालेस, मग फेरेइरोला, आताल्बेइतार आणि परत पित्रेस. माझ्या मते आल्पुखारातलं हे सगळ्यात सुंदर चालणं आहे. गावं इतकी जवळ की एका गावाच्या घंटेचा आवाज दुसऱ्यात ऐकू येतो, आणि तरी प्रत्येकाचं पाणी, प्रत्येकाचा चौक वेगळा. फेरेइरोलाच्या बाहेर एक नैसर्गिक बुडबुड्यांच्या, लोहयुक्त पाण्याचा झरा आहे. चव आधी घोटभर घेऊन पाहा, बाटली नंतर भरा. लोखंडाची ती चव सगळ्यांना झेपत नाही. पोर्तुगोसच्या रस्त्यालगतही असंच आंबूस पाणी वाहतं.

अडचण एकच: ही फेरी आधी उतरते आणि शेवटी चढते. पित्रेस आणि फोन्दालेस यांत सुमारे तीनशे मीटरचा फरक आहे. दहाला निघालेला माणूस दोन वाजता, डोक्यावर ऊन घेऊन चढत असतो. साडेआठला निघा. खालच्या वाड्यांमध्ये दुकान मिळेलच असं नाही, त्यामुळे खाणं पित्रेसमध्येच घ्या. सार्वजनिक कारंजांचं पाणी लोक पितात, मात्र ‘आग्वा नो पोताब्ले’ अशी पाटी असेल तिथे पिऊ नका. फाटक उघडलंत तर मागून लावा.

टप्पा १०: चौथा दिवस असेल तरच मुलासेन

इबेरियन द्वीपकल्पातलं हे सर्वांत उंच शिखर. उन्हाळ्यात कापिलेइराहून उद्यानाची मिनीबस मिरादोर दे त्रेवेलेसपर्यंत, सुमारे २,७०० मीटरवर सोडते. तिथून माथा साधारण पाच किलोमीटर, चढायला तीन तास, उतरायला दोन. वाट रुंद आणि सोपी आहे, म्हणूनच लोक तयारीशिवाय जातात.

क्रम असा:
- जागा आगाऊ राखून ठेवा. सेवा बर्फावर अवलंबून असते, त्यामुळे सुरू आहे का हे आधी विचारा. परतीची वेळही तेव्हाच ठरवून घ्या.
- आदल्या संध्याकाळी आएमेत या हवामान खात्याचा सिएरा नेवाडासाठीचा डोंगरी अंदाज वाचा. गावाचा अंदाज पाहू नका. जोराचा वारा किंवा वीज असेल तर जाऊ नका.
- जुलैतही हातमोजे, कानटोपी आणि उबदार थर घ्या. सनस्क्रीन दोनदा लावा.
- सकाळच्या पहिल्या फेरीने जा. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दुपारी ढग बांधून येतात.
- बसमधून उतरल्यावर पंधरा मिनिटं थांबा आणि मग निघा. तासाभरात तुम्ही हजाराहून जास्त मीटर वर आलेले असता. डोकं ठणकतंय, मळमळतंय, चाल डगमगतेय अशी लक्षणं दिसली तर खाली या.

माथ्यावर पोचल्यावर एक वेगळा मोह होतो: मिनीबसऐवजी चालतच कापिलेइरापर्यंत उतरावं. तो उतार दोन हजार मीटरहून जास्त आहे. राजगडावरून उतरणाऱ्या गुडघ्यांनाही एका दिवसात हे पेलत नाही. चालत उतरायचंच असेल तर पोकेइरा निवाऱ्यात आधी जागा राखून दोन दिवसांत करा. उत्तरेची बाजू कड्याची आहे, तिकडे वाकून फोटो काढू नका.

गटातला एक जण थकला तर सगळ्यांनी परतायचं, हे गावातच ठरवून घ्या. वर गेल्यावर तो निर्णय कुणीच घेत नाही. आपत्तीत क्रमांक ११२. वाटेचं नाव, शेवटची खूण आणि नकाशावरचे अक्षांश-रेखांश सांगायची तयारी ठेवा.

टप्पा ११: परत निघताना

परतीचं विमान आणि आल्पुखारातली सकाळची बस एकाच दिवशी जोडू नका. फेरी चुकली तर पुढची काही तासांनी असते. शेवटची रात्र ग्रानादात किंवा मालागात काढा. निघण्याच्या आदल्या दिवशी थांब्यावर लावलेलं वेळापत्रक स्वतः वाचा आणि खाणावळीत विचारून खात्री करा, विशेषतः दुसरा दिवस रविवार किंवा सुट्टीचा असेल तर. थांब्यावर दहा मिनिटं आधी उभे राहा, बस येताना दिसली की हात दाखवा, आणि मोठी बॅग खालच्या कप्प्यात जाईल म्हणून पारपत्र, औषधं आणि गाडी लागण्याची गोळी हातातल्या पिशवीत काढून ठेवा.